चोपडा स्टँडवरच्या नानांना

नाना,

तुमचं नाव विचारायचं राहिलं. तुम्ही वैजापूरच्या गाडीची वाट बघत होतात (आपलं सातपुड्यातलं वैजापूर, संभाजीनगरकडचं नव्हे), एवढंच मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. तुमच्या घरातल्या कोणा नातवाच्या मोबाइलवर ते पोचलं, तर त्याने तुम्हाला वाचून दाखवावं. मी म्हणजे मार्चमधल्या त्या मंगळवारी बाकावर तुमच्या शेजारी बसलेली बाई, जिच्या मोबाइलमध्ये बर्फाचा फोटो होता.

तो फोटो तुमच्यापर्यंत येण्याआधी आठवडाभर कुठे कुठे फिरून आला होता, ते तेव्हा सांगितलं नव्हतं. माझी लेक कॅनडात, टोरांटोजवळ असते. नात सहा वर्षांची. व्हिडिओ कॉलवर "आजी, कशी आहेस?" एवढं आईने पढवलेलं म्हणायचं आणि पळायचं, हे तिचं नेहमीचं. त्या दिवशी मात्र तिनेच आईला फोन लावायला लावला. मागच्या अंगणात बर्फावर चिमुकल्या पावलांची रांग उमटली होती. "आजी, हे कोणाचे पाय?" मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण बर्फ पाहिला तो फ्रिजमध्ये साचलेला, उलथन्याने खरवडायचा. म्हटलं, विचारून सांगते.

निवृत्त शिक्षकांच्या आमच्या ग्रुपवर फोटो टाकला. पहिलं उत्तर मांजर, दुसरं घूस, तिसरं नुसते जोडलेले हात, चौथं सुप्रभात. माझ्या भाच्याकडे हातभर लांब लेन्सचा कॅमेरा आहे, गाडीच्या काचेवर वाघ चिकटवलेला आहे. त्याने दोन दिवसांनी कळवलं, "मावशी, माझं पक्ष्यांचं आहे." तिकडे जावयांनी एका पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन केला. त्याने घरी न येता, फोटोसुद्धा न मागता, उंदीर असं ठरवून टाकलं आणि विषाच्या डब्या ठेवायचा भाव सांगितला. शनिवारी येऊन ठेवणार होता. ते ऐकून नात जेवली नव्हती, आणि मी स्टँडवर बसून लेकीशी त्यावरच बोलत होते. बोलत कसली, वर्गात बोलावं तशी ओरडत होते.

फोन ठेवल्यावर तुम्ही म्हणालात, "दाखवा बरं, बाई."

आणि फोटो उलटा धरलात. मला वाटलं, चाळशी घरी राहिली असेल. सरळ करून द्यायला मी हात पुढे केला, तर तुम्ही म्हणालात, "राहू द्या. ते तिकडे चाललंय." तोवर आम्ही सगळेच ते जनावर घरापासून लांब जातंय असं धरून बसलो होतो. तुम्ही फोन असा फिरवून घेतलात की जणू त्याच्या मागून चाललात.

मग म्हणालात, "हाऊ उंदीर नही शे."

पण त्याआधी एक वाक्य होतं, ते मी विसरणार नाही. "बर्फ काही मी पाहेल नाही. फुफाट्यातलं सांगतो." आठवडाभरात जेवढ्या जणांना विचारलं, त्यांतल्या एकानेही स्वतःला काय ठाऊक नाही ते आधी सांगितलं नव्हतं. मांजर म्हणणारे आमचे हेडमास्तर तर अजून मांजरच म्हणतात.

मग चपला काढून तुम्ही बाकाखाली सारल्या, उकिडवे बसलात, खांद्यावरच्या रुमालाने वीतभर धूळ सारखी केलीत. दोन्ही तर्जनी शेजारी शेजारी टेकवल्या: हे पुढचे पाय. त्यांच्या पुढे, जरा बाहेरून, दोन्ही अंगठे लांबट दाबले: हे मागचे. पुढच्या पायांवर भार देऊन मागचे पाय त्यांच्याही पुढे टाकायचे, की पुढची उडी. म्हणून मोठे ठसे जिकडे, तिकडे त्याचं तोंड. माझ्यासारखीला हे उलटंच वाटणार. मांजर असं जात नाही, ते एका रेषेत चालतं आणि मागचं पाऊल पुढच्याच ठशात ठेवतं. सशाचे मागचे पाय असेच पुढे पडतात, पण त्याचे पुढचे दोन एकामागे एक असतात. उंदराची शेपूट घासली की मधून रेघ उठते, इथे रेघ नव्हती. खारीची जात, पुढे चार बोटं, मागे पाच. फोटोत बोटं काही दिसत नव्हती, नुसती भोकं होती. त्यावर तुम्ही विचारलंत, "ऊन पडेल व्हतं का?"

मी तिथूनच लेकीला मेसेज केला. दोन दिवस चांगलं ऊन होतं, बर्फ भुसभुशीत झाला होता. "मग फुगलं ते," तुम्ही म्हणालात. ओल्या रेतीत बिबट्याचा पंजा असाच फुगतो आणि गावभर वाघ होतो. यावल अभयारण्यात, पालच्या बाजूला, तुम्ही वनमजूर म्हणून ठशांवर काच धरायला जायचात, हे तेव्हा कळलं. काचेवर रेघ काढायची आणि मग ती कागदावर उतरवायची. एकाच ठशाची दोघांनी काढलेली रेघ कधी सारखी यायची नाही, हे सांगताना तुम्ही हसलात. नाना, घरी येऊन मी वाचलं. ओडिशाच्या सरोज राज चौधरींनी ही पद्धत बसवली, १९७२ ची देशातली पहिली व्याघ्रगणना तिच्यावरच झाली, आणि राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ आणि जंगलात एकही नाही असं २००५ मध्ये उघडं पडल्यावर ती सोडून कॅमेरे आले. तुमच्या हसण्याचा अर्थ तेव्हा लागला.

फोटोच्या कडेला नातीचा हातमोजा पडला होता. चारही पावलं त्याच्या रुंदीत मावत होती, म्हणजे जनावर लहान. "वाट कुठे संपते?" तुमचा पुढचा प्रश्न. खारीची वाट झाडाच्या बुंध्याशी जाते. ही लाकडी पायऱ्यांकडे जात होती आणि त्यापुढचं फोटोत नव्हतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरीले सांगू नका काही. तिले बीळ शोधू द्या."

एवढ्यात वैजापूरची गाडी लागली. माणसं चढली, कंडक्टरने दार ओढलं. मी म्हटलं, नाना, तुमची गाडी. तुम्ही तिकडे बघितलंत, धुळीतले ठसे रुमालाने पुसलेत आणि म्हणालात, "आते तुम्ही काढा, बाई."

गाडी गेली. त्या उन्हात पुढच्या गाडीपर्यंत बसून राहणं काय असतं ते मला माहीत आहे. मी चौसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात, इस्त्रीची साडी, आणि चोपडा स्टँडवर सगळ्यांदेखत धुळीत बोटं टेकवत बसले. पहिल्या खेपेला अंगठे मागे पडले. तुम्ही काही बोलला नाहीत, परत पुसलंत. दुसऱ्या खेपेला बरोबर आलं. एकतीस वर्षांत किती पोरांच्या हातातून खडू काढून घेऊन मीच फळ्यावर उत्तर लिहिलं असेल, हे तिथे आठवायला नको होतं, पण आठवलं.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर परात पुढ्यात घेतली. आधी कळण्याचं पीठ पसरलं, पण त्यातल्या उडदाने ते काळपट दिसतं, बर्फ काही वाटेना. मग दादर ज्वारीचं पांढरं पीठ घेतलं. तर्जनी, अंगठे, एक उडी, दुसरी उडी. नात पडद्याला नाक लावून बघत होती. मग तिने तिकडे मैद्यात काढलं. तिचेही अंगठे मागे पडले, आणि मी गप्प बसले.

शुक्रवारी सकाळी तिला बीळ सापडलं. पायऱ्यांच्या खाली, दोन इंचांचं गोल भोक, तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग नाही. जावयांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. आठ दिवसांनी ते दिसलं. चिपमंक! आपल्या खारीचं भावंडच, पाठीवर पट्टे, गालांत दाणे कोंबलेले. आपल्या खारीला रामाची बोटं लागली, तर ह्याला कोणाची, असं नातीने विचारलंय. ते उत्तर मात्र तुमच्याकडेही नसेल.

लेक म्हणते, थंडीत ते बहुतेक वेळ बिळातच गुरफटून असतं, मधूनमधून जागं होऊन साठवलेल्या बिया खातं, म्हणून भर बर्फात त्याची पावलं सहसा दिसत नाहीत. ऊब आली की बाहेर येतं. तुम्ही ऊन विचारलं होतंत, बर्फ न पाहता.

ह्या पत्रासोबत द्यायला माझ्याकडे काही नाही. स्टँडवर तीन मंगळवार गेले, उगाच, जळगावला काम नसताना. रसवंतीवाल्याला तुमचं वर्णन सांगून ठेवलंय, पण पांढरी टोपी आणि खांद्यावर रुमाल म्हटल्यावर तो हसला, "बाई, निम्मा तालुका तसाच असतो." नातीने परवा नवा फोटो पाठवलाय. चिखलात पाच बोटांचे ठसे आहेत, नखं लांब, आणि जे कोणी आहे ते रात्री कचऱ्याचा डबा उघडतं. मी कोणत्याही ग्रुपवर टाकलेला नाही. पुढच्या मंगळवारी अकरा ते एक, त्याच बाकावर आहे.

तुमची,
बर्फाच्या फोटोवाली बाई