अर्धवेळ कामाचा हिशेब

महोदय,

‘खर्च भागवण्यासाठी विद्यार्थ्यांनी अर्धवेळ काम करावे’ असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. सल्ला वाईट नाही, पण त्यात तासांचा हिशेब राहून गेला आहे. युरोपातील क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या एका वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे १५०० ते १८०० तासांचा अभ्यास धरलेला असतो. ४० आठवड्यांत वाटले तरी आठवड्याला ३८ ते ४५ तास; ही नोकरीच झाली. त्यावर आणखी २० तास काम केले की कात्री कुठे लागते, ते मी दोन वर्षे अनुभवतो आहे. वर्ग बुडवता येत नाहीत, हजेरी लागते. जाते ती संध्याकाळ. प्रयोगशाळेतून सुटल्यावर मित्र पायऱ्यांवर बसून न समजलेली गणिते एकमेकांना समजावतात, तेव्हा मी सॅक पाठीला अडकवून पळत असतो. मग तेच गणित रात्री एकट्याने, अर्धवट झोपेत. मित्रांमधल्या वेळेला ‘मौजमजा’ म्हणून मोकळे होणाऱ्या लेखकाला हे दिसले नसावे. शुल्क हप्त्यांनी भरण्याची मुभा आणि ग्रंथालयात क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती, एवढे झाले तरी माझ्यासारख्याचे आठवड्याचे काही तास सुटतील.

– एक विद्यार्थी