धुराची वाट

चिंचवड

चि. केदार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटो मिळाले. तंबाखूच्या पाइपाचा बाहेरचा घाट सुरेख उतरलाय. ब्रायरच्या झुडपाच्या मुळाशी ती गाठ तयार व्हायला दशकं लागतात, मग ती तासन् तास उकळायची, महिनोन् महिने वाळवायची. त्या लाकडाचा तू मान राखलास. पण ओढताना गुरगुरतो आणि तोंडात पाणी येतं, असं लिहिलं आहेस. तो दोष फोटोत दिसणारा नाही, म्हणून हे पत्र सगळं आतल्या वाटेबद्दल.

आधी स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, लाकडी देठातून काढ. व्हर्नियरची मागची दांडी देठाच्या भोकात घालून खोली माप आणि स्टेमचा जो खुंटा आत बसतो त्याची लांबी माप. फरक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त निघाला तर दोष तिथेच आहे. खुंट्याच्या टोकापुढे पोकळी राहिली की धूर तिच्यात पसरतो, मंदावतो, गार होतो, आणि त्यातली वाफ पाणी होऊन तिथे साठते. पुढच्या झुरक्याला तेच पाणी गुरगुरतं. माझ्या तिसऱ्या पाइपात ही पोकळी ३ मिलिमीटरची होती. घेणाऱ्या गृहस्थांनी तो आठवड्यात परत आणून दिला. लाकूड ओलं असेल असं धरून मी महिनाभर तो वाळवत ठेवला आणि मोजमाप शेवटी घेतलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. टूलरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाने आधी मोजायला हवं होतं. खुंटा अगदी टेकवूही नकोस, कागद सरकेल एवढी फट ठेव. आणि खुंट्याच्या तोंडाला आतून थोडा उतार दे.

देठातलं भोक तंबाखू भरायच्या वाटीच्या बरोबर तळाशी, मधोमध निघालंय ना? वर निघालं तर खालची तंबाखू ओली राहते आणि पुढे ते सुधारणं अवघड जातं. तुझ्याच कोपनहेगनमध्ये पाइप घडवणारे सिक्स्टन इवार्सन आधी आकार घडवायचे आणि भोक नंतर पाडायचे. लाकडाच्या रेषा जातील तिकडे त्यांना जाता यायचं. त्यांचा हात तसा होता. तू अजून काही वर्षं आधी लेथवर भोक पाड, मग कानस हातात घे.

आता स्टेम. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. देठातलं भोक ४ मिलिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिलिमीटर. दाताखाली स्टेमची सगळी जाडीच ४ मिलिमीटर, तिथे हे गोल भोक मावणार कसं? म्हणून वाट उंचीला कमी करत रुंदीला वाढवायची. उंची दीड झाली तर रुंदी साडेआठच्या आसपास हवी, म्हणजे धुराला जागा तेवढीच मिळते आणि वर-खाली सव्वा-सव्वा मिलिमीटर भिंत उरते. खुंट्याकडून ४ चं ड्रिल घाल आणि टोकाच्या २५ मिलिमीटर आधी थांब. पुढे दीडचं. मग ओठाकडून चपट्या सुई-कानशीने दोन्ही बाजूंना पंखा उघडत जा. स्टेमचं एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, गरम झालं की चिकटतं, तेव्हा ड्रिल सारखं बाहेर काढून भुसा झाड. गंधकाचा वास येईल, रबरात गंधक घालूनच ते करतात. राजमहेंद्रीला हाताने पेनं करतात तीही याचीच. स्टेम वाकवायचं असेल तर आत पाइप-क्लीनर, म्हणजे सुताने मढवलेली तार, ठेवूनच गरम कर, नाहीतर वाट दबेल. उन्हाच्या खिडकीत ठेवू नकोस, हिरवट-तपकिरी पडतं.

दातामागे अडकणारी कड एक मिलिमीटर उंच पुरे, पण तिची आणि ओठाकडच्या फटीची प्रत्येक धार मोड. जिभेला केसाएवढी धारसुद्धा कळते.

आणि केदार, गुरगुर तुला ऐकू आली म्हणजे तू पाइप पेटवलास. हे वाचून मी जरा वेळ बाहेर जाऊन बसलो. आप्पांच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने त्यांना पेज भरवायला मीच होतो, तू तेव्हा लहान होतास. मी पाइप करतो तो लाकडासाठी आणि या आतल्या कामासाठी. ओढला कधी नाही. तपासायला तंबाखू लागत नाही. रिकामा पाइप तोंडात धर आणि नेहमीचा श्वास घेतोस तसा ओढ. आवाज होता कामा नये. शिट्टी वाजली तर कुठेतरी धार किंवा पायरी राहिलीय, तिथे परत कानस घाल. मग फटीतून क्लीनर सार, तो कुठेही न अडता वाटीत निघाला पाहिजे. यापुढे एवढंच कर, पेटवू नकोस. हे बाप म्हणून सांगतो.

माझी चपटी सुई-कानस आईने मेतकुटाच्या पुड्यांबरोबर पार्सलात घातली आहे. तिच्या मुठीला दोरा गुंडाळलाय तो सोडू नकोस, पकड त्यानेच बसते. फरक किती निघाला ते मोजलंस की लगेच कळव.

तुझा,
बाबा