डंकनचा खून नेमका कोणी केला?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळेत शेक्सपिअर हवाच कशाला, असे विचारणारा कालच्या रविवार पुरवणीतला लेख चहाबरोबर वाचायला घेतला आणि चहा निवून गेला. लेखकमहाशयांचे मत त्यांना लखलाभ. पण दुसऱ्याच परिच्छेदात 'डंकनचा खून करणारी लेडी मॅकबेथ' असे त्यांनी ठोकून दिले आहे. अहो, 'मॅकबेथ' नाटकात स्कॉटलंडचा राजा डंकन याचा खून सरदार मॅकबेथ करतो, त्याची बायको नव्हे! बाईने पहारेकऱ्यांच्या पेयात गुंगीचे औषध घातले, सुरे काढून ठेवले. नवरा भेदरून सुरे हातात घेऊनच बाहेर आला, तेव्हा तेही तिनेच परत नेले आणि झोपलेल्या पहारेकऱ्यांना रक्त फासून आली. एवढा सगळा कारभार केला, पण वार तिने केला नाही. का केला नाही, ते तिच्याच तोंडून नाटकात आले आहे. खून कोणी केला हे ज्यांना धड ठाऊक नाही, त्यांनी हे नाटक 'आजच्या मुलांना झेपत नाही' असा निवाडा द्यावा आणि आपण तो चौकटीत छापावा, धन्य आहे.

एरवी मी पान उलटले असते. पण नेमक्या याच 'का केला नाही'वरून आमच्या घरात आठवडाभर धुसफूस चालली आहे.

नात अकरावीला आहे. वर्गात मॅकबेथ चालू आहे, म्हणजे मॅकबेथच्या नोट्स चालू आहेत. तीसेक पानांची झेरॉक्स, वर प्लास्टिकचे कव्हर, स्पायरल. नाटकाचे पुस्तकही सगळ्यांकडे आहे, पण कोरे करकरीत. चाचणीत लेडी मॅकबेथचे स्वभावचित्र विचारले होते, पाच गुणांना. नोट्समध्ये मुद्दे तयार: महत्त्वाकांक्षी, निर्दय, नवऱ्याला चिथावणारी, शेवटी वेडी. आमच्या पोरीने पुस्तक उघडण्याचा आगाऊपणा केला होता. तिने लिहिले की ही बाई वाटते तेवढी दगड नाही. डंकन झोपेत माझ्या बापासारखा दिसला नसता तर मीच उरकून टाकले असते, असे ती दुसऱ्या अंकात म्हणते. आणि पाचव्या अंकात झोपेत चालताना हात चोळत म्हणते, त्या म्हाताऱ्याच्या अंगात एवढे रक्त असेल असे कुणाला वाटले होते? नातीचे म्हणणे असे की तो म्हातारा तिला अजून बापासारखाच दिसतो आहे, म्हणून हाताचा डाग जात नाही.

सोळा वर्षांच्या मुलीला हे सुचले याचे मला कौतुक. बाईंनी दिले पाचापैकी दोन. समासात लाल शाईने 'नॉट अॅज पर नोट्स'.

मी शाळेत गेलो. बाई नम्र होत्या, खोटे कशाला बोलू. बसायला खुर्ची दिली, पंखा लावला. म्हणाल्या, "आजोबा, तिचं उत्तर छान आहे हो, पण बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला मुद्दे लागतात." मी म्हटले, "मुद्दा असू दे, पण बापासारखा दिसल्याचं वाक्य नाटकात आहे की नाही, एवढंच सांगा." बाईंनी नोट्स चाळायला घेतल्या. नाटक नव्हे, नोट्स! पुस्तक त्यांच्या कोपराखालीच होते.

आता लेखकमहाशय म्हणतात की चारशे वर्षांपूर्वीचे परके नाटक गोव्यातल्या मुलांना कसे कळणार. आम्हाला कसे कळले ते सांगतो. साल 1973, फोंड्यातली मराठी माध्यमाची शाळा. गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ निघायला अजून दोन वर्षे होती. आमचे इंग्रजी यथातथाच. पावसात निम्मा वर्ग गैरहजर असला की इंग्रजीचे सर धडा बाजूला ठेवून मॅकबेथ काढत. 'थेन ऑफ कॉडोर' म्हणजे काय? "कुठल्यातरी महालाचा देसाई समजा, पुढे चला." चेटकिणींच्या भाकितांना त्यांनी सरळ 'कौल' म्हटले. देवळात कौल लावायला गेलेला माणूस हवी ती पाकळी पडेपर्यंत विचारत राहतो, तसा हा मॅकबेथ पुन्हा चेटकिणींकडे जातो. बाईच्या पोटी जन्मलेला कोणी तुला मारणार नाही, रान चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस. कौल खोटा नव्हता हो, अर्थ याने सोयीचा लावला! सैनिक बिर्नामच्या रानातल्या फांद्या तोडून समोर धरून आले आणि मॅकबेथचा वैरी मॅकडफ निघाला आईचे पोट फाडून काढलेला. हे समजायला आम्हाला नोट्स लागल्या नाहीत.

आणि तो खुनानंतरचा प्रवेश. बाहेर आषाढाचा पाऊस, कौलांवर असा आवाज की सरांना ओरडूनच वाचावे लागे. मॅकबेथ रक्ताळलेल्या हातांनी उभा आहे आणि वाड्याचे दार कोणीतरी ठोठावते आहे. सर मुठीने टेबल ठोकत होते. ठक, ठक, ठक. मग थांबून हळू आवाजात म्हणाले, "ठोका, डंकनला जागं करा! करता आलं असतं तर!" नेमके तेव्हाच वर्गाचे दार खरोखर वाजले. मागच्या बाकावरचा एक दांडगा पोरगा चक्क किंचाळला. दारात शिपाई, खांद्यावरून पाणी निथळते आहे, हातात फीची नोटीस. बिचाऱ्याला कळेना आपल्याकडे सगळे असे काय बघतात. सरांनी नोटीस घेतली, पण त्या दिवशी वाचून दाखवली नाही.

'परके' म्हणाल तर आगरकरांनी 1883 मध्ये हॅम्लेटचे 'विकारविलसित' केले. शिरवाडकरांनी 1954 मध्ये याच मॅकबेथचा 'राजमुकुट' केला. नाटकावर जीव टाकणाऱ्या गोव्यात शेक्सपिअर परका कधीपासून झाला, तेही लेखकमहाशयांनी एकदा सांगावे. पाठ्यपुस्तकातून तो काढला तरी माझी हरकत नाही म्हणा. नाहीतरी वर्गात तो आहे कुठे?

आपल्याकडून अपेक्षा एवढीच की खून कोणी केला याची दुरुस्ती छापावी, आणि ती चौथ्या पानावर निविदांच्या खाली नको, लेख आला त्याच पुरवणीत हवी. कात्रण मी बाईंना नेऊन देणार आहे. तीन गुण परत मिळतील अशी आशा नाही. नात तर म्हणते, "आजोबा, आता तुम्ही शाळेत येऊ नका." तिने पुढच्या चाचणीसाठी नोट्स पाठ करायला घेतल्या आहेत.

जाता जाता आणखी एक. कदंबाच्या, म्हणजे आमच्या सरकारी महामंडळाच्या, शेवटच्या बसबद्दलचे माझे मागचे पत्र आपण निम्मे कापलेत, त्याबद्दल तक्रार नाही, जागेची अडचण असते. पण खाली 'मडगाव' छापलेत. ती बस मडगावला जातच नाही, त्यामुळे पत्राचा अर्थच गेला आणि आमच्या वाड्यावर आठवडाभर माझी थट्टा झाली. या वेळी गाव तरी नीट छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
फोंडा (मडगाव नव्हे)