दत्तक बाळालाही अंगावरचे दूध

महोदय,

दर ऑगस्टला स्तनपान सप्ताहानिमित्त बरेच छापून येते. पण दत्तक किंवा सरोगसीने आई होणाऱ्या बाईलाही पान्हा फुटू शकतो, हे त्यात क्वचितच असते. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके दुधाच्या ग्रंथी वाढवतात, वार पडली की प्रोजेस्टेरॉन एकदम उतरते आणि दूध सुरू होते. पुढचा सगळा कारभार ओढण्यावर चालतो, म्हणून गरोदरपणाशिवायही दूध येऊ शकते. २०१८ मध्ये अमेरिकेतून नोंदवल्या गेलेल्या एका ट्रान्स स्त्रीने संप्रेरके, डॉम्पेरिडोन (दूध वाढवण्यासाठीही दिली जाणारी उलटीवरची गोळी) आणि दूध काढायचा पंप यांच्या मदतीने बाळाला सहा आठवडे केवळ अंगावर पाजले होते.

सरोगसीत तारीख आधी कळते. पाच-सहा महिने हाताशी असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ एकत्रित (दोन्ही प्रकारची संप्रेरके असलेल्या) गर्भनिरोधक गोळ्या खंड न पाडता देतात आणि बाळ येण्याच्या सुमारे सहा आठवडे आधी बंद करतात. प्रोजेस्टेरॉनचा तो उतार ही प्रसूतीची नक्कल. तेव्हापासून दर तीन तासांनी, रात्रीची एक वेळ न चुकवता, दोन्ही बाजूंना १५ मिनिटे पंप लावायचा. दुखेल इतका जोर लावू नये, पंपाचे स्तनावर लावायचे फनेल मोठे असेल तर बोंडाभोवतीचा काळा भाग आत खेचला जाऊन सुजतो. पहिले थेंब दिसायलाच काही आठवडे लागू शकतात. रक्ताच्या गुठळ्या, उच्च रक्तदाब, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी किंवा पस्तिशीनंतरचे धूम्रपान असेल तर या गोळ्या घेऊच नयेत.

सोबत डॉम्पेरिडोन दिले जाते. उलटीची ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहज मिळते, आणि आम्हाला काळजी वाटते ती याचीच. जास्त मात्रेत ती हृदयाची लय बिघडवू शकते. फ्लुकोनाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर धोका आणखी वाढतो. ईसीजी पाहून डॉक्टरांनी दिली तरच घ्यावी, आणि एकदम थांबवू नये. तशी थांबवल्यास झोप उडणे, जीव घाबरा होणे असे त्रास होतात. शतावरी, अळीव, मेथी खुशाल खा, पण स्तन रिकामे होत नसतील तर त्यांनी दूध वाढत नाही.

दत्तकात इतकी सवड नसते. स्वेच्छेने सुपूर्द केलेल्या बाळाबाबत जन्मदात्यांना फेरविचारासाठी ६० दिवस असतात, त्यामुळे घरी येणारे बाळ सहसा दोन महिन्यांहून मोठे आणि बाटलीला सरावलेले असते. भुकेने रडत असताना त्याला छातीशी लावले तर ते तोंड फिरवते. अर्धवट झोपेत, उघड्या अंगाशी धरून लावावे. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडले वापरावे.

सगळ्यात उपयोगी साधन साधे आहे: सहा नंबरची इन्फंट फीडिंग ट्यूब, म्हणजे बाळाला दूध देण्याची बारीक नळी. एक टोक दुधाच्या वाटीत, दुसरे बोंडाच्या टोकाशी कागदी चिकटपट्टीने लावायचे. वाटी बोंडाच्या पातळीला धरायची. ठसका लागला तर खाली, ओढूनही दूध येत नसेल तर किंचित वर. बाळाचे पोट भरते आणि त्याच ओढण्याने पान्हाही चेतवला जातो. पावडरीच्या गुठळ्या नळीत अडकतात, म्हणून दूध नीट विरघळवावे. नळी पाजून होताच सिरिंजने धुवावी आणि रोज नवी घ्यावी.

सर्वांत धोकादायक चूक म्हणजे थेंब दिसताच वरचे दूध तोडणे किंवा पातळ करणे. बहुतेकींना पूर्ण दूध येत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. वरच्या दुधाच्या दिवसभराच्या एकूण मापातून एका वेळी ३० ते ६० मिली कमी करून काही दिवस थांबावे. लघवीचे लंगोट दिवसाला सहाच्या खाली गेले, किंवा पहिल्या तीन महिन्यांत वजन रोज सरासरी २० ग्रॅमनेही वाढत नसेल, तर माप लगेच पूर्ववत करून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

पुण्यातील दत्तक संस्था आणि सरोगसी केंद्रांना आमची विनंती आहे: ही माहिती बाळ हाती देताना नव्हे, नावनोंदणीच्या दिवशी द्यावी.

– स्तनपान समुपदेशक, पुणे