लग्नाच्या टेबलावरची फुलं पाण्यात ठेवा ना!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीच्या लग्नानंतर आता परत हॉल बुक व्हायला लागतील, म्हणून हे पत्र. मी पुण्यात लग्नाची फुलांची सजावट करते. हल्ली रिसेप्शनला गोल टेबलं असतात आणि प्रत्येक टेबलाच्या मधोमध फुलं हवीच असतात, ते छानच दिसतं, पण ती फुलं बहुतेक ठिकाणी त्या हिरव्या फोममध्ये खोचलेली असतात ज्याला आमच्या धंद्यात सगळे ओअ‍ॅसिस म्हणतात. हा फोम म्हणजे फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक, 1954 मध्ये अमेरिकेत निघालेलं. तो कुजत नाही, नुसता चुरा होत जातो. लग्न संपलं की रात्री घाईघाईत फुलं, पानं, फोम सगळं एकाच पिशवीत भरलं जातं आणि तो चुरा ओल्या कचऱ्यातून खतात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या फ्लॉवर शोमध्ये हा फोम बंद केलाय, मग आपल्या हॉलवाल्यांना का जमू नये?

खरं तर काचेची साधी बरणी आणि पाणी एवढंच लागतं. फक्त फूल बघून पाणी घालायचं. जरबेऱ्याला दोन-तीन इंचच पाणी पुरतं कारण त्याची लव असलेली दांडी खोल पाण्यात लगेच सडते आणि मान टाकते, गुलाबाला मात्र भरपूर लागतं. दांडी तिरकी कापायची, पाण्याखाली येणारी सगळी पानं काढून टाकायची, नाहीतर रात्रीपर्यंत पाणी गढूळ होतं आणि काचेतून ते सगळ्यात आधी दिसतं. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर, थोडा लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन-चार थेंब टाकले तर फुलं जास्त टिकतात. गुलछडी खालून वर उमलत जाते म्हणून ती आदल्या दिवशी अर्धी कळीत असतानाच आणायची, लग्नाच्या संध्याकाळी बरोबर फुलते आणि अख्ख्या टेबलाला वास येतो, अत्तर मारायची गरजच नाही. ऑर्किडची काडी उंच काचेत पूर्ण बुडवून वर तरंगती मेणबत्ती ठेवली तरी मस्त दिसतं. आणि हो, कार्नेशनच्या शेजारी पिकलेली केळी, आंबे ठेवू नका, त्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि फुलं लवकर माना टाकतात.

उंचीचं पण सांगते. समोर बसलेल्या मावशीचा चेहरा दिसलाच पाहिजे, म्हणजे सजावट एकतर हनुवटीच्या खाली नाहीतर बारीक उंच काचेत डोक्याच्या वर. मधल्या उंचीचा गुच्छ ठेवला की लोक जेवताना तो उचलून खाली ठेवतात, हे मी दर सीझनला बघते.

काही लोक म्हणतात पाण्याने काम वाढतं, काच फुटते, वाहतुकीला त्रास. मान्य आहे, पण बरण्या रिकाम्या न्यायच्या आणि पाणी हॉलवरच भरायचं, त्याला हॉलवाल्यांनी मागच्या बाजूला एक नळ आणि एक टेबल दिलं तरी बास. शिवाय पाण्यातली फुलं पाहुण्यांना घरी नेता येतात, त्यानंतरही दोन-चार दिवस राहतात. फोममधलं फूल उपसून परत पाण्यात ठेवलं तर दांडीच्या टोकात चुरा अडकलेला असतो, ते पाणीच नीट ओढत नाही.

आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे फुलांची काय कमी आहे? मावळात तळेगावच्या बाजूला पॉलीहाउसमध्ये गुलाब, जरबेरा होतो, शेवंती, अ‍ॅस्टर, गुलछडी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे येते, मुंबईकरांना दादरची फूल मंडई आहेच. आपले फूलउत्पादक प्लास्टिकच्या फुलांवर बंदी मागतायत, आणि आपण मात्र टेबलावर प्लास्टिकची फुलं नाहीतर प्लास्टिकच्या फोममध्ये खोचलेली खरी फुलं ठेवतोय.

तुमच्या लग्नविशेष पुरवणीत दरवर्षी दागिने, साड्या, मेकअप यावर पानंच्या पानं असतात. यंदा त्यातलं अर्धं पान तरी या विषयाला द्या, आणि हॉल बुक करताना डेकोरेटरला "फोम नको, पाण्यातली फुलं हवीत" असं आधीच लिहून द्यायला लोकांना सांगा. ऐनवेळी सांगितलं तर बरण्या मिळत नाहीत.

आपली,
फुलांचं काम करणारी एक वाचक, पुणे