गोधड्या अखेर बाहेर काढल्या

तीर्थरूप आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर धड काही सांगून होत नाही. पाच मिनिटं झाली की दोघं फोन ओढतात आणि तुम्हाला फक्त छत दिसतं. म्हणून लिहायला बसले. बाबा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून हे छापून आणा आणि आईला वाचून दाखवा. तिला मोबाइलवरचं बारीक अक्षर वाचायला लावू नका.

गेल्या शनिवारी रेवा-ईशानचे दोन्ही क्रिब, ते कठड्यांचे छोटे पलंग, उतरवले. बाबा, तुम्ही जोडलेले. समीर खालची फळी सुटी करत होता तेव्हा तिच्या पाठीला चिकटपट्टीने लावलेली एक पुडी हाताला लागली. कालनिर्णयच्या पानाची. तुम्ही मिरजेहून आणलेलं कॅलेंडर, त्यातलं जानेवारीचं पान, मागे अर्धी पाककृती. आत चार जादा बोल्ट, दोन वॉशर, ती वाकडी षटकोनी किल्ली, आणि वर तुमच्या अक्षरात लिहिलेलं : "ईशान, उजवी बाजू. सुटे करताना आधी खालचे काढणे." आम्ही तसंच केलं, आधी खालचे काढले. दुसऱ्या क्रिबखाली रेवाची पुडी होतीच. पावणेतीन वर्षं आम्ही रोज त्या गाद्यांवर चादरी बदलल्या आणि खाली काय आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. बोल्ट क्रिबबरोबर बांधून ठेवलेत. पान मी माझ्याकडे ठेवलंय.

घाई का केली, ते सांगते. सप्टेंबरात एका रात्री साडेदहाला त्यांच्या खोलीतून धप्प आवाज आला. धावत गेलो तर ईशान गालिच्यावर बसलेला, ओठातून रक्त, आणि रेवा आपल्या क्रिबमध्ये उभी राहून "पल्ला, पल्ला" ओरडतेय. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, उगाच जिवाला घोर लागला असता. ओठ दोन दिवसांत बरा झाला. पण गादी आधीच सगळ्यांत खालच्या पातळीवर होती, आणखी खाली न्यायला जागाच नव्हती. मग झोपताना घालतो ती बिनबाह्यांची पिशवी त्याला उलटी घालून पाहिली, चेन पाठीकडे, म्हणजे पाय वर टाकता येऊ नये. आठवडाभर जमलं. मग तो पिशवीसकट चढायला शिकला.

डॉक्टरांनी दोन वर्षांच्या तपासणीतच सांगून ठेवलं होतं की मूल ३५ इंचांचं झालं, म्हणजे साधारण ८९ सेंटिमीटर, की क्रिबचे दिवस संपले. उभं राहिल्यावर कठडा छातीच्या खाली आला तरी तेच. ईशान आता ३७ इंच आहे आणि रेवा ३६. इंचांचा हिशेब कधीच पूर्ण झाला होता. मीच दिवस पुढे ढकलत होते, कारण दोन मुलं एका खोलीत रात्री मोकळी, या विचारानेच पोटात गोळा यायचा. एक पडला तर दुसरं उचलायला जाईल. एकाने कपाट उघडलं तर दुसरं आत शिरेल. एकट्या मुलाच्या आईला सांगितलेलं मला अर्धंच लागू पडतं, हे या तीन वर्षांत पुरतं कळलंय.

आधी वाटलं, ईशानचाच क्रिब काढू, रेवा कुठे चढतेय? दोन रात्री तसं केलंही. त्याची गादी जमिनीवर टाकली. पहिल्या रात्री तो तिच्या कठड्याशी उभा राहून गजातून तिला मोजे देत बसला. दुसऱ्या रात्री बाहेरून तिच्या क्रिबमध्ये चढायला लागला. तेव्हा ठरवलं, होऊ दे दोघांचं एकदमच.

बेड आणायला गेलो तर दुकानातल्या बाईंनी विचारलं, "ट्विन?" मी म्हटलं, "हो, जुळी आहेत." त्या क्षणभर बघत राहिल्या आणि मग आम्ही सगळेच हसलो. इथे अमेरिकेत एकेरी बेडच्या मापालाच ट्विन म्हणतात, ३८ इंच बाय ७५ इंच. म्हणजे आपल्या हिशेबात तीन फूट दोन इंच रुंद आणि सव्वासहा फूट लांब. लहान मुलांसाठीचे छोटे बेडही मिळतात, क्रिबचीच गादी त्यात बसते. ते स्वस्त पडले असते आणि मुलांना ओळखीची गादी राहिली असती. तरी मी मोठेच घेतले, आणि कारण तुम्ही दोघं. जूनमध्ये तुम्ही आलात की गोष्ट सांगताना मुलांशेजारी आडवं होता यायला हवं. आई, तुझी कंबर क्रिबवर वाकून वाकून गेली होती, ते मी विसरलेले नाही. बाबांनी तेव्हा विचारलं होतं की एक बाजू खाली सरकणारा क्रिब का नाही घेतलात. असे क्रिब पूर्वी असायचे. ती सरकणारी बाजू निखळून फटीत बाळं अडकली, जीव गेले, म्हणून जून २०११ पासून त्यांची विक्रीच इथे बंद आहे. नवे बेड इतके बुटके आहेत की गादीचा माथा जमिनीपासून जेमतेम फूटभर येतो. कठडा लावलाच नाही, खाली जाड रजई दुमडून टाकलीय. रेवा आतापर्यंत दोनदा त्या रजईवर गडगडली आणि तशीच झोपून राहिली.

बाबा, खोलीचं काम तुम्ही असतात तर दोन तासांत उरकलं असतं. आम्हाला पूर्ण रविवार लागला. क्रिब गेला की सगळी खोलीच क्रिब होते. रात्री दोन वाजता मूल उठून जिथे जिथे पोचू शकेल ते सगळं जमिनीवर रांगून, त्यांच्या उंचीवरून पाहिलं. खणांचं कपाट भिंतीला आवळलं, कारण मुलं खण पायऱ्यांसारखे ओढून वर चढतात आणि कपाट अंगावर येतं. इथल्या भिंती विटांच्या नसतात, तुम्ही बोटाने वाजवून पाहिल्या होत्या ना! आत उभ्या लाकडी पट्ट्या, साधारण १६ इंचांवर एक, आणि वर जिप्समचा पातळ पत्रा. स्क्रू त्या लाकडातच बसला पाहिजे, नुसत्या पत्र्यात बसवला तर मूल लोंबकळताच उपटून येईल. समीरने लाकूड शोधायचं यंत्र आणलं होतं, पण शेवटी तुमच्यासारखं वाजवूनच जागा सापडली. पडद्यांच्या दोऱ्या वर गुंडाळल्या, टेबलावरचा दिवा बाहेर काढला, दाराला फाटक लावलं.

आता पहिली रात्र. त्याच्या आदल्या आठवड्यात इथलं घड्याळ एक तास मागे गेलेलं, त्यामुळे दोघं पहाटे पाचलाच टक्क जागी होत होती. खरं तर तो मुहूर्त चुकलाच. साडेसातला निजवलं. पावणेदहापर्यंत ईशान अठरा वेळा फाटकाशी आला. मी मोजलं, कारण ठरवलं होतं की रागवायचं नाही, बोलायचं नाही, फक्त उचलून जागेवर नेऊन ठेवायचं. आणि रेवा? ती बेडच्या कडेला उभी राहून दोन्ही हात वर करून "आई, काढ" म्हणत होती. समोर कठडा नाही, काही नाही, पाय खाली टाकला की गालिचा. पण तिच्या मनातला कठडा तसाच होता. चार दिवस ती आपण होऊन खाली उतरलीच नाही. डे-केअरमध्ये हीच पोरगी रोज दुपारी बुटक्या खाटेवर बिनबोभाट झोपते आणि उठून पळते. घरी मात्र वाट पाहत बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यात पाहिलं तर रेवा मांडी घालून बेडवर बसलेली आणि ईशान खोलीभर फिरून तिला एकेक वस्तू आणून देतोय. पुस्तकं, लाकडी हत्ती, माझा केसांचा चाप, एक डायपर, मग दुसरा डायपर. ती प्रत्येक गोष्ट घेऊन आपल्या उजवीकडे नीट रचून ठेवत होती. मी आत जायची थांबले. दहा-बारा मिनिटं दोघांत एक शब्द नाही. पाचव्या दिवशी त्याने आणायचं थांबवलं, तिचा हात धरून ओढला, आणि ती उतरली. आता दोघंही फाटकाशी येतात.

मला मात्र माझं स्वतःचं असं काही आठवेना. मी पाळण्यातून झोळीत, झोळीतून तुमच्या दोघांच्या मध्ये, आणि मग कधीतरी मधल्या खोलीत आजीच्या कुशीला गेले, ते कुठल्या तारखेला हे तुम्हालाही सांगता येणार नाही. रात्री जेवणं उरकली की गाद्या घालायच्या, सकाळी उचलायच्या. कोण कुठे झोपलं ते रोज वेगळं. इथे हे एका शनिवारी, एका स्क्रूने, ठरवून करावं लागलं. मला ते जड गेलं, आणि त्या रात्री तुम्ही घरात असायला हवे होतात.

आई, आता तुझ्याशी बोलायचंय.

बाळं घरी आली त्या आठवड्यातली ती संध्याकाळ तुझ्या लक्षात असणार. तू बाळंतविड्याची बॅग उघडलीस. दुपटी, टोपडी, कुंच्या, मोहरीच्या दोन उश्या, आणि तळाशी दोन छोट्या गोधड्या. एकीत तुझी जांभळी इरकल आणि आजीचं शेवटचं नऊवारी, दुसरीत माझ्या कॉलेजातल्या ओढण्या. तू त्या क्रिबमध्ये अंथरल्यास, उश्या ठेवल्यास, आणि मी खोलीत येऊन एका हाताने सगळं ओढून काढलं. "आई, इथे हे चालत नाही." एवढंच म्हणाले. तू काही बोलली नाहीस. घड्या घातल्यास, परत बॅगेत ठेवल्यास. रात्री बाबांना म्हणालीस, "आपण वाढवलेली काय जगली नाहीत?" या भिंती किती पातळ ते वर लिहिलंच आहे. मी ऐकलं होतं.

कारण तेव्हाच सांगायला हवं होतं. झोपेतच, काही आजार नसताना, तान्ही बाळं दगावतात. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये सांगायला सुरुवात केली की बाळाला पोटावर झोपवू नका. १९९४ पासून देशभर त्याचा प्रचार झाला आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. पहिलं वर्षभर उताणं झोपवायचं, गादी कडक हवी, आत उशी नको, मऊ पांघरूण नको. आपली दोघं पस्तिसाव्या आठवड्यातली, अशा बाळांना धोका जास्त. मी दिवसरात्र घाबरलेली असायचे. दर तासाला उठून त्यांच्या नाकाशी बोट धरायचे, हे तुला माहीत नाही. नियम मी आजही तसाच पाळेन. पण तू महिनोन्‌महिने हाताने शिवलेली गोष्ट मी तशी ओढायला नको होती. शेजारी बसून सांगता आलं असतं. ते राहिलं, आणि तुम्ही जुलैत परत गेलात तरी ते राहिलंच. माझी चूक झाली, आई.

तू जाताना गोधड्या माझ्या कपाटात वरच्या खणात ठेवून गेलीस. मलमलच्या कापडात, कडुनिंबाच्या पाल्यासकट. शनिवारी बेड मांडून झाले तेव्हा पहिल्यांदा त्या खाली काढल्या. आता हरकत नाही, मुलं मोठी झाली. पाल्याचा चुरा झालाय, पण कापडाला अजून आपल्या घराचा वास आहे. जांभळी रेवाला दिली, ओढण्यांची ईशानला. बेडच्या मानाने त्या लहान पडतात, जेमतेम गळ्यापासून पावलांपर्यंत येतात. इथली दुकानातली ब्लँकेटं दोघं लाथेने उडवून देतात. या ठेवतात. रेवा झोपताना तुझ्या धावदोऱ्याच्या ओळीवरून बोट फिरवते. ओळ संपली की पुढची ओळ, मग पुढची. तिसऱ्या-चौथ्या ओळीला बोट थांबतं. आजी वाकळ म्हणायची ना, तो शब्द मी त्यांना शिकवला. रेवा "वाकल" म्हणते. ईशान नुसतं "आजीचं" म्हणतो.

एक काम आहे. ईशानच्या गोधडीचा खिडकीकडचा कोपरा उसवलाय. तो तिथला दोरा दातात धरून ओढतो. चार बोटं शिवण गेलीय आणि आतला निळा तुकडा दिसायला लागलाय. माझ्याकडे पांढरा दोरा आहे, पण तो मला बारीक वाटतो. तू एकपदरी घेतला होतास की दुपदरी? आणि गाठ आत लपवलीस ती कशी, मला कितीही शोधून गाठ सापडत नाही. रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला फोन करते, घड्याळ बदलल्यामुळे इथे सकाळचे साडेआठ असतील. गोधडी आणि सुई घेऊनच बसते.

तुमची,
मनू