धुराच्या व्हिस्कीची बाजू

तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

प्रिय मित्र सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नाताळच्या सुट्टीत तू आणि वहिनी येणार, हे वाचून घरात सर्वांना आनंद झाला. येताना व्हिस्कीची कोणती बाटली आणू असे तू विचारले आहेस आणि त्याच वाक्यात ‘ती फिनेलच्या वासाची मात्र नको’ अशी ताकीदही दिली आहेस. बाटलीचे नाव सांगतोच, पण आधी त्या वासाची बाजू मांडू दे, कारण अलीकडे मला त्याचीच गोडी लागली आहे आणि ह्या गावात त्याविषयी बोलायला दुसरे कोणी नाही.

तुझ्या नाकाला दोष देता येत नाही. अशा व्हिस्कीच्या सातूला पीट नावाच्या दलदलीतल्या सरपणाचा धूर दिलेला असतो; त्या धुरात फिनॉल आणि क्रेसॉल ही द्रव्ये असतात आणि जंतुनाशकांतही त्याच कुळातील द्रव्ये वापरली जातात. नागपूरला मामेभावाने मला लफ्रॉइग ह्या स्कॉटलंडमधल्या कारखान्याची 10 वर्षे मुरलेली व्हिस्की दिली, तेव्हा मलाही आधी दवाखानाच आठवला. मात्र पेला तसाच समोर ठेवून गप्पा मारत बसलो, त्यात थोडे पाणी घातले, आणि त्या धुराखालून काहीतरी गोडसर, खारट वर येऊ लागले. आयुष्यभर सोडा आणि शेंगदाण्यांबरोबर व्हिस्की घेतलेल्या माणसाला पेल्यात इतके काही असू शकते ही कल्पनाच नव्हती.

तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचे बेट आहे. तिथे झाडे कमी आणि वारा फार. दलदलीत शेवाळ, गवत आणि झुडपे हजारो वर्षे अर्धवट कुजत साचून जो थर तयार होतो त्याला पीट म्हणतात. तो वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे एक मीटर पीट साचायला सुमारे हजार वर्षे लागतात. बेटावरचे लोक त्याच्या विटा कापून, वाळवून सरपण म्हणून वापरत आले. व्हिस्कीसाठी सातू भिजवून त्याला मोड आणतात आणि मग तो वाळवावा लागतो. आयलावर तो वाळवायला हाच विस्तव हाताशी होता. सातू ओलसर असतो तोवरच धूर त्याच्या सालीला नीट धरतो, म्हणून पीट आधी जाळतात आणि पुढचे वाळवण नुसत्या गरम हवेवर होते. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर रेल्वेने कोळसा पोचला, तसा तिथल्या पुष्कळ व्हिस्कीतला धूर ओसरला. आयलावर तो टिकला.

आता तूच सांग, ह्यात आपल्याला परके काय आहे? आपल्याकडे पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्या हेच सरपण, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेल्या रोडग्याला जी चव येते ती कणकेची कमी आणि त्या विस्तवाची जास्त असते. पुण्यात कोणीतरी ओव्हनमध्ये भाजलेले रोडगे वाढले, तेव्हा ‘ह्यात काहीतरी राहिले आहे’ असे तूच म्हणाला होतास. ज्या जिभेला तिथे धुराची उणीव भासली, तिने पेल्यातल्या धुराला पहिल्याच घोटात हाकलून देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

धुराचे माप पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग फिनॉल, असे सांगतात. आयलावरच्याच कारखान्यांचे पाहा: लगावूलिनचा सातू सुमारे 35, लफ्रॉइगचा 40 च्या पुढे, आर्डबेगचा 55 च्या आसपास. पण हे माप वाळवलेल्या सातूचे असते, बाटलीतल्या व्हिस्कीचे नव्हे. वाटेत त्यातले बरेच गळते. लगावूलिन आणि आयलावरचाच कुल ईला ह्या दोन कारखान्यांना बेटावरच्या पोर्ट एलन येथील एकाच ठिकाणाहून जवळजवळ सारख्याच धुराचा सातू जातो, तरी पहिल्याची व्हिस्की जड आणि दाट लागते, तर दुसऱ्याची हलकी आणि स्वच्छ. कुल ईलाच्या तांब्याच्या भट्ट्या मोठ्या असून त्या कमी भरतात, त्यामुळे वाफेला तांब्याचा सहवास अधिक मिळतो आणि व्हिस्की हलकी उतरते. बाटलीवरचा आकडा पाहून मर्दुमकी गाजवणाऱ्यांचे मला म्हणूनच हसू येते.

सर्वांत जास्त नवल मला वाटले ते धारेचे. आपल्याकडे मोहाची दारू पिणारा पहिल्या धारेसाठी अडून बसतो. तिकडे पहिली धार बाजूला काढतात आणि पुन्हा भट्टीत घालतात; पिंपात भरतात ती मधली. धुराची जड द्रव्ये तर उशिरा उतरतात, त्यामुळे धूर हवा असलेला कारागीर मधली धार जरा जास्त वेळ चालू देतो आणि नको असलेला लवकर तोडतो. किती वेळ थांबायचे, ह्या एका निर्णयावर व्हिस्कीचा स्वभाव ठरतो. आपल्या गावचा भट्टीवाला हे ऐकेल तर स्कॉटलंडच्या लोकांना वेड्यात काढील!

पाणी घालावे की नाही ह्यावरून वाद घालू नकोस, घाल. 2017 साली स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी संगणकावर आकडेमोड करून दाखवले की, व्हिस्की पातळ केली म्हणजे ग्वायकॉल हे धुरकट वासाचे द्रव्य पृष्ठभागाकडे सरकते. म्हणजे नाकाला ते आधी भेटते. बर्फ मात्र नको. थंडीने वास दबतो, आणि आपण पैसे वासाचेच मोजलेले असतात.

तर बाटली कुल ईलाची आण, 12 वर्षांची. तिच्यात धूर आहे, पण दवाखाना बेताचा. ती न मिळाल्यास जॉनी वॉकर ब्लॅक लेबलही चालेल; तिच्यात धुराची नुसती झुळूक असते, आणि नवख्याने तिथून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. बंगळूरची अमृत फ्यूजनही मला आवडते. तिच्यात आपल्या देशाचा सातू आणि स्कॉटलंडचा धुरी दिलेला सातू एकत्र असतो. ती स्कॉच नव्हे, कारण स्कॉच स्कॉटलंडमध्येच गाळून तिथेच ओकच्या पिंपात किमान 3 वर्षे मुरवावी लागते. शिवाय तिचे अल्कोहोल 50 टक्के असल्याने पाणी सढळ हाताने घालावे लागते. लफ्रॉइगचा हट्ट मी पुढच्या खेपेपर्यंत राखून ठेवतो.

बैठक घरी होणार नाही, आईला चालत नाही. वावरातल्या खोलीवर बसू. तूर उभी असेल, थंडीही असेल. दारूचा परवाना सोबत ठेव आणि समृद्धी महामार्गावरून कारंजाला उतरून ये, म्हणजे रस्ता चांगला मिळेल. इथून पुढे तुम्ही नागपूरला जाणार असे वहिनींनी फोनवर सांगितले. त्या वाटेवर वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी आहे, तेव्हा बाटलीत जे काही उरेल ते माझ्याकडेच ठेवून जावे लागेल, ह्याची आतापासूनच मनाशी तयारी कर.

तुझा,
दिगंबर